नंदाच्या मायचा पेचकस

आमच्या घरात आलेली एकही वस्तू नंदाच्या मायनं खोलून पाहिल्याशिवाय ठेवून घेतली नाही. बाजारात भेंडीचं टोक मोडून पाहणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. ही मिक्सर घ्यायला गेली तरी दुकानदाराला म्हणायची, याचं बूड खोलून दाखवा. तिच्या कापडी पिशवीत सुपारीच्या चंचीशेजारी स्क्रू काढायचा एक पेचकस असायचा, पिवळ्या मुठीचा. चिखलीतले विजेच्या सामानाचे दुकानदार तिला त्या पेचकसावरून ओळखत. एक जण तर ती पायरी चढताना दिसली की म्हणायचा, "या काकू, आज कोणाचं ऑपरेशन?"

ही माझी बायको. आम्ही एकमेकांना कधी नावानं हाक मारली नाही. मी तिला नंदाची माय म्हणायचो, ती मला नंदाचे बाबा. नंदा व्हायच्या आधी काय म्हणत होतो ते आठवत नाही. बहुतेक "अवं" आणि "अवो" यांवरच भागत असेल. मी चौथी पास, ती तेवढीही नाही. गावात आमची पिठाची चक्की आहे, तिच्यावरच आयुष्य गेलं.

खोलून पाहायची सवय तिला चक्कीनंच लावली. लग्न होऊन आली त्या वर्षी चक्की बंद पडली आणि मिस्त्री तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी मी बाहेरून आलो, तर हिनं पट्टा उतरवलेला, बोल्ट काढून दगड मोकळा केलेला आणि स्वतः आत डोकं घालून बसलेली. मी खूप बोललो. ती डोकं बाहेर काढून म्हणाली, "जे आपल्याले खोलता येत नाही ते आपलं नाही. ते लोकाचं, आपल्या घरी ठेवेल आहे." हे वाक्य मी पुढं चाळीस वर्षं ऐकलं. दगड झिजला की छिन्नीनं त्याला टाकी मारायला ती माझ्याकडूनच शिकली आणि नंतर तिच्या हातच्या दगडाचं दळण माझ्यापेक्षा बारीक निघायला लागलं. बाया डबा खाली ठेवायच्या आधी विचारायच्या, टाकी कोणी मारली? मी मारली म्हटलं की एखादी म्हणायची, मग उद्याच येते.

नंदा आमची एकुलती एक. लग्नानंतर तीन वर्षांनी ती सासरहून आली ती कायमची. काय झालं ते इथं लिहीत नाही, तिचं ते तिच्यापाशी. एवढंच सांगतो की नवऱ्यानं आणि सासूनं मिळून तिच्या डोक्यात पक्कं बसवून दिलं होतं की तुझ्या हातून एक काम धड होत नाही. भाजी चिरताना पोरगी मायला विचारायची, एवढी बारीक चालेल का? चहात साखर टाकताना विचारायची. मला राग यायचा, मी ओरडायचो, मग ती आणखीच विचारायची.

लग्नाआधी तिनं चिखलीत कम्प्युटरचा कोर्स केला होता. आमच्या गावचे लोक साधा फॉर्म भरायचा तरी एसटीनं चिखलीला जात. नंदाची माय म्हणाली, चक्कीच्या पुढच्या खोलीत पोरीला कम्प्युटर मांडून देऊ. तिथपर्यंत मलाही पटलं. भांडण झालं ते कोणता घ्यायचा यावर.

चिखलीच्या मोठ्या दुकानात कंपनीचे तयार कम्प्युटर होते, खोक्यात बंद. घरी न्या, वायर लावा, चालू. मला तेच पाहिजे होतं. कंपनीचं ते कंपनीचं, हे माझं मत. नंदाच्या मायचा हात पिशवीत गेला तेव्हाच मी ओळखलं. दुकानदार सभ्य माणूस. त्यानं समजावून सांगितलं की सील तोडलं की गॅरंटी जाते. मग बिघडला तर? अकोल्याहून कंपनीचा माणूस येईल. कधी? चार दिवस, आठ दिवस, सांगता येत नाही. ती म्हणाली, "आमची चक्की एक दिवस बंद राह्यली तं बाया दुसऱ्या चक्कीवर जातेत. फारमाच्या शेवटच्या तारखेले माही पोरगी लोकाइले काय सांगीन? अकोल्याकडे पाहत बसा?"

त्या दुकानदारानंच मग सांगितलं की दुसरीही एक तऱ्हा असते. सुटे भाग घ्यायचे आणि आपण जोडायचे. मग खोला, बंद करा, तुमची मर्जी. पण जोडताना चुकलं तर जबाबदार तुम्हीच.

मी नंदाकडं पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तयारच घ्या. मी जोडलं अन् नाही चाललं तं?" मला बरं वाटलं. आम्ही दोघं एकीकडं आणि तिची माय एकटी.

बसस्टँडजवळ चहाला थांबलो. नंदा पाणी प्यायला उठली तेवढ्यात तिची माय बोलली. भांडताना मी आवाज चढवायचो, ती उतरवायची.

"तुमी जावई डब्यातला आणला, नंदाचे बाबा. वरचं सील पाहून. खानदान चांगलं, पगार चांगला. मी म्हटलं होतं, थोडं खोलून पाहू. तुमी म्हणे, लोकं काय म्हणतीन."

मी कप खाली ठेवला.

"पोरीले वाटून राह्यलं का आपल्या हातानं काहीच उभं राहत नाही. तिले अजून एक बंद डबा नका घेऊन देऊ. जोडू द्या तिले. नाही चाललं तं पुन्हा खोलू."

चहाचे पैसे दिले आणि सुटे भाग कुठं मिळतात ते विचारलं. 

सुटे भाग विकणारा माणूस एका बोळीत बसायचा, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. नंदाच्या मायनं एकेक भाग हातात घेऊन विचारलं, हा काय करतो? तो आधी वैतागला, मग त्यालाच गंमत वाटायला लागली. त्यानं सांगायचं आणि हिनं आपलं नाव ठेवायचं. प्रोसेसर म्हणजे दगड, खरं दळण तिथं. रॅम म्हणजे वरचा डबा, ज्यात दाणे ओततात. हार्डडिस्क म्हणजे कोठी. त्यानं कोणती वायर कुठं लावायची ते कागदावर काढून दिलं आणि बजावलं की भागाला हात लावायच्या आधी लोखंडाला लावायचा, नाहीतर अंगातली वीज त्या भागाला मारते. एसटीत कंडक्टर म्हणाला, खोकं वर ठेवा. ती म्हणाली, "वरून पडलं तं तुमी जोडून देसान काय?" आणि खोकं मांडीवरच ठेवलं, गावापर्यंत.

दुसऱ्या दिवशी चक्की बंद ठेवली. नंदा चादर अंथरून बसली, समोर कागद. तिची माय शेजारी बसून पेच एका वाटीत मोजून ठेवत होती आणि दर थोड्या वेळानं तिला उठवून चक्कीच्या लोखंडाला हात लावून यायला सांगत होती. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, पोरगी चक्कीच्या सारखी पाया पडते आहे.

दुपारी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

मी म्हणालो, मी सांगितलं होतं. हे मी बोललो, लपवत नाही. नंदानं दोन्ही हात मांडीत घेतले आणि मान खाली घातली. सासरहून आली त्या दिवशी ती अशीच बसली होती.

तिची माय माझ्यावर ओरडली नाही आणि पोरीला जवळही घेतलं नाही. म्हणाली, "टाकी मारली का चक्की पह्यल्या दळणाले कधी धड चालते का? खोल पुन्हा." नंदानं खोललं. नंदाची माय आत पाहत राहिली, तांदळातला खडा पाहावा तशी. मग बोट दाखवलं. "हे वायर मोकळं काऊन आहे वं?"

नंदानं कागद पाहिला. प्रोसेसरजवळची चार तारांची छोटी वायर लावायचीच राहिली होती. लावली. पडदा उजळला.  पोरीनं कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग पुन्हा एकदा. त्यानंतर तिनं भाजी किती बारीक चिरू हे विचारल्याचं मला आठवत नाही.

कम्प्युटरच्या डब्याचा पत्रा बसवायच्या आधी नंदाच्या मायनं त्याला आतल्या बाजूनं कुंकवाचं बोट लावलं. मी हसलो, कुंकू बाहेरून लावतात म्हटलं. ती म्हणाली, "बाहेरून लावलं तं डब्याले लागते."

आता माझी चूक सांगतो. पुढच्या खोलीत कम्प्युटर चक्कीच्या अगदी जवळ मांडायचा हट्ट माझा होता; दळणाला आलेली बाई तिथंच फॉर्मही भरेल, असा हिशेब. मध्ये दार नव्हतं. पीठ उडायचं. सात-आठ महिन्यांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी बाहेर रांग लागलेली असताना कम्प्युटर आपोआप बंद पडला. चालू करावा, पाच मिनिटांत पुन्हा बंद. रांगेतला एक जण म्हणाला, घरी जोडेल मशीन आहे, अजून काय होणार. नंदानं मान खाली घातली नाही. मायला हाक मारली, आणि दोघींनी मिळून खोललं. पंख्यावर भाकरी थापता येईल एवढं पीठ. चक्कीचा मऊ ब्रश होता, त्यानं झाडलं, पुन्हा जोडलं आणि दिवस मावळायच्या आत शेवटचा फॉर्म गेला. पहिला फॉर्म नंदानं त्या बोलणाऱ्याच्या पोराचा भरला. सीलबंद असता तर आम्ही त्या दिवशी अकोल्याकडंच पाहत बसलो असतो. दुसऱ्या दिवशी मी मध्ये दार बसवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तरी पीठ जातंच. म्हणून दर खंडेनवमीला चक्कीची पूजा झाली की दोघी कम्प्युटर खोलायच्या, झाडायच्या, आणि पत्रा लावायच्या आधी नंदाची माय आत एक बोट कुंकू लावायची. पेच तीच आवळायची, कोणाला देत नव्हती. इतक्या वर्षांत आतलं अर्धं सामान बदललं. पत्रा तोच आहे. नंदाच्या दुकानात आता दोन कम्प्युटर आहेत, दुसराही तिनंच जोडला. शेजारच्या गावांतले लोक येतात आणि तिला ताई म्हणतात. हे सगळं त्या चहाच्या कपापासून झालं. मी ते नंदाच्या मायच्या तोंडावर कधी बोललो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. पण पद्धत नव्हती ही काही मोठी सबब नाही. दळताना मधेच थांबून चार शब्द बोलता आले असते.

मागच्या वर्षी पावसाळ्यात ती गेली. आठ दिवस ताप, मग संपलंच. त्या दसऱ्याला आम्ही काही केलं नाही. यंदा उन्हाळ्यात जुना कम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. नंदा दुसऱ्यावर काम करायची आणि त्याच्याकडं पाहायची नाही. मी म्हटलं, अवं, खोलून झाड ना, तुला येते. तिनं हातातला फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्याचे पेच मायनं आवळेल आहेत, बाबा."

मीही मग विषय काढला नाही. खंडेनवमीला चक्कीची पूजा केली आणि पिशवीतून पिवळा पेचकस काढला. इतक्या वर्षांत मी त्या डब्याला कधी हात लावला नव्हता. मी तयार घेणारा माणूस. पेच घट्ट होते. तिच्या हातात जोर होता. नंदा दारात उभी राहून पाहत होती. पत्रा निघाला आणि आतल्या बाजूला कुंकवाची अकरा बोटं, एकाखाली एक, वरची काळपट, खालची अजून लाल. त्यांच्यावर पीठ बसलेलं. त्यातलं वरचं पीठ ती गेल्यावर मी एकट्यानं दळलेलं होतं. ब्रश मी पंख्यावर फिरवला, बाकी सगळीकडं फिरवला. त्या बोटांवर मात्र नंदानं पुढं येऊन फक्त फुंकर मारली.

बारावं बोट मी लावलं. माझं बोट जाड, ठसा मोठा आणि वाकडा उमटला. नंदा म्हणाली, पुसून नीट लावून देऊ का? मी नको म्हटलं. मग पत्रा बसवला आणि पेच आवळले, पण फार नाही. पुढच्या साली ते नंदाला खोलायचे आहेत.