उतरले किती, राहिले किती

कुरवंड्यात कुणाचा मिक्सर मुका झाला किंवा फोनमधले लग्नाचे फोटो गायब झाले, की पहिली हाक स्नेहलला जाते. ती काही जादू करत नाही. बिघडलेली वस्तू समोर घेऊन बसते आणि उलगडा झाल्याशिवाय उठत नाही, एवढंच. तिची शेजारीण शालूबाई म्हणते, "ही एकदा बसली की हिच्यापुढं घोरपड झक मारते."

स्नेहल बी.कॉम. झालेली. खंडाळ्याच्या एका हॉटेलात पाच वर्षं रिसेप्शनला होती; दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सुटली. आता गावातल्या बचत गटाची नोंद-चौकी ती बघते. गावाजवळच्या नागफणीच्या सुळक्यावर चढणाऱ्याने चौकीत नाव नि फोन नंबर लिहायचा, उतरला की समोर खूण करायची. काम साधं, पण गेल्या ऑगस्टमध्ये वहीची दोन भिजलेली पानं एकमेकांना चिकटली आणि एक नाव वाचायचंच राहून गेलं. सगळे उतरले असं समजून चौकीला कुलूप लागलं. पाय मोडलेली एक कॉलेजची मुलगी रात्रभर कातळाखाली पडून होती. सकाळी सापडली, वाचली. पण स्नेहलला वही नजरेसमोर नकोशी झाली.

इंटरनेटवरची नोंद इथे चालत नाही, कारण धुकं उतरलं की रेंज जाते, आणि धुक्यातच तर नोंदीची गरज. मग तिने शोधून काढलं, की नोंदींचा एक फुकट प्रोग्राम आपल्याच संगणकावर बसवता येतो. बाहेरचं नेट नको; चौकीतला संगणक, त्याला जोडलेला वायफायचा डबा, आणि गटातल्या बायकांच्या हातातले फोन. चढले किती, उतरले किती, राहिले किती, सगळं एका पडद्यावर. जुन्या हॉटेलातून टाकून दिलेला संगणक तिने मागून आणला. लोणावळ्यात नवाजच्या दुरुस्तीच्या दुकानात नेटला जोडून, मराठीत कुठेच न सापडलेल्या सूचना इंग्रजीतून एकेक ओळ वाचत, तीन दिवसांत प्रोग्राम बसवला. दुकानात तो झकास चालला.

चौकीत आणल्यावर मात्र माशी शिंकली. शालूबाईने फोनवर पासवर्ड टाकला, बटण दाबलं, आणि पुन्हा पासवर्डचंच पान समोर. चूक झाली असंही नाही, बरोबर असंही नाही.

"हे तर आमच्या तलाठ्यासारखं झालं," शालूबाई म्हणाली. "कागद घेतो आणि परत पहिल्या खिडकीत पाठवतो."

संगणक गोधडीत गुंडाळून स्कूटीवरून पुन्हा नवाजकडे. तिथे पहिल्या फटक्यात उघडला. "ताई, मशीन एकदम ठणठणीत आहे," नवाज म्हणाला. चौकीत आणला, पुन्हा तेच. तिने सगळं पुसून नव्याने बसवलं. दुकानात चालू, गावात बंद. असे तीन हेलपाटे झाले.

चौकीच्या समितीचे प्रमुख अंबाजी, म्हणजे स्नेहलचे चुलत सासरे. शुक्रवारी सकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, उद्यापासून तीन दिवस सुट्ट्या. लय माणूस येनार. आज सांजच्यापतूर चाललं तर ठीक, न्हाई तर वही काढा."

"वही काढायची नाही, आबा."

"मग काय भिंतीवर लिवायचं?"

"संध्याकाळपर्यंत वेळ दिलाय ना? मग मला बसू द्या."

ती बसली. भात कुकरला लावून नवऱ्याच्या हवाली केला आणि चौकीचं दार आतून लोटून घेतलं. निवडायला घेतलेल्या तांदळासारखी एकेक गोष्ट बाजूला सारत गेली. पासवर्ड चुकीचा? नाही, तोच दुकानात चालला. वायफाय? फोनवर पान तर उघडतंय. मग तिने फोन खाली ठेवला आणि थेट संगणकावरच पासवर्ड टाकला. प्रोग्राम उघडला!

म्हणजे संगणक स्वतःला आत घेतो, फोनला घेत नाही. शालूबाईचा फोन, तिचा स्वतःचा, नवऱ्याचा. तिन्ही दारावरूनच परत. मग या दोघांत असं काय वेगळं आहे? तिने फोन पडद्याला टेकवून उभा केला आणि वरपासून खालपर्यंत दोन्हीकडे बघत राहिली. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती: १ जानेवारी २०१२.

पाणी मुरत होतं ते इथे. प्रोग्राम आत येणाऱ्याला आठ तासांचा पास देतो. संगणकाच्या लेखी आज २०१२, त्यामुळे पासाची मुदतही २०१२ चीच. फोनला तो पास केव्हाच संपलेला दिसायचा. तो पास फेकून द्यायचा, आणि पास नाही म्हणून पुन्हा पहिल्या दारात. नवाजच्या दुकानात नेट होतं, तिथे तारीख आपोआप दुरुस्त व्हायची. तिने हाताने तारीख बदलली. शालूबाईचा फोन लगेच आत गेला.

पण तेवढ्यात लाईट गेली. आली, संगणक सुरू झाला, आणि तारीख पुन्हा २०१२.

नवाज नात्यातल्या लग्नाला कराडला गेलेला. त्याने फोनवरच सांगितलं, "ताई, आत तारीख धरून ठेवणारा बटणासारखा गोल सेल असतो. तो मेलाय. नवीन टाका, बस."

लाईट दिवसातून चारदा जाणार, दर वेळी तारीख कोण बदलत बसणार? आणि सेल आणायचा कुठून? सुट्टीच्या आदल्या दिवशी लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांना गाड्या लागलेल्या, स्कूटीसुद्धा शिरेना. स्नेहलने संगणकाचं झाकण उघडून मेलेला सेल तळहातावर घेतला आणि घरोघर विचारत निघाली. घड्याळांत पेन्सिल सेल निघाले, रिमोटमध्येही तेच. अंबाजींच्या ओसरीवर पोचेपर्यंत पाच वाजले होते.

आबांनी तो सेल डोळ्यांजवळ नेला. आत गेले आणि रक्तातली साखर तपासायचं मशीन घेऊन आले. पाठीमागचं झाकण सरकवलं. हुबेहूब तसाच सेल.

"आबा, अहो, तुमची तपासणी?"

"न्या. चार दिस तरी कुणी माझं बोट टोचनार न्हाई."

"चार नाही, सोमवारी नवा आणून देते. आणि तोवर गोड बंद," स्नेहल म्हणाली.

सेल बसवला. तारीख घातली. मग तिने मुद्दाम मेन स्विच पाडला, दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा चालू केला. तारीख जागच्या जागी. तिन्ही फोन आत.

शनिवारी दोनशे बारा माणसं चढली. चारनंतर धुकं इतकं दाटलं, की चौकीसमोरचं आंब्याचं झाड दिसेना. रेंज गेली, पण चौकीतलं काम चालू राहिलं. साडेपाचला पडद्यावर आकडा आला, राहिले: २. खाली नावं, एक मुलगा, एक मुलगी, चढल्याची वेळ दुपारी सव्वा वाजताची.

"मोजायला चुकलं असंल," आबा म्हणाले.

"चुकलं नाही. दोघं वर आहेत."

आबांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, काठी उचलली, गावातल्या दोघांना हाक मारली आणि धुक्यात शिरले. पाऊण तासाने पाचही जण परत आले. मुलगा जरा घुश्शात होता. "आम्ही येतच होतो, काका. उगाच त्रास घेतलात."

"व्हय, येतच व्हता," आबा म्हणाले. "पन कोकनात."

शालूबाईने हसू दाबत दोन्ही नावांपुढे खूण केली. राहिले शून्य. स्नेहलने तो आकडा पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, आणि चहाचं आधण ठेवायला उठली. ती मुलगी थंडीने कुडकुडत होती.