सायराकानची व्होल्गा

माझा जन्म एका मोटारीच्या पुढच्या सीटवर झाला. त्या सीटची पाठ मागे पाडली की मागच्या सीटला येऊन टेकते आणि गाडीत ऐसपैस पलंग तयार होतो. फेब्रुवारी अडुसष्टची सकाळ, बर्फाचा मारा, आणि रुग्णालय अजून अकरा किलोमीटर लांब. सायराकानने रस्त्याकडेच्या चिनारांच्या आडोशाला गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं म्हणजे ऊब राहील, आणि माझ्या मावशीला म्हणाली, "आता पुढे जाण्यात अर्थ नाही. कोट काढ, बाळाला गुंडाळायला लागेल."

या सायराकानला सगळं गाव एजे, म्हणजे ताई, म्हणायचं. आमचं गाव चुई खोऱ्यात, बीटच्या शेतांच्या मधोमध. एजे बीट काढणाऱ्या बायकांची मुकादम होती. एकसष्ट साली तिच्या तुकडीने जिल्ह्यात सर्वांत जास्त बीट काढलं, आणि बक्षीस म्हणून तिला चक्क व्होल्गा मिळाली. तेव्हा अशा गाडीतून साहेब लोक फिरायचे. आकाशी रंग, समोर दात काढून हसल्यासारखी जाळी, आणि बॉनेटच्या टोकावर झेप घेणारं चकचकीत हरीण. पत्रा इतका जाड की दार लावलं की कोठाराचं दार लावल्यासारखा आवाज यायचा.

एजेला गाडी चालवता येत नव्हती. सामूहिक शेतीच्या अध्यक्षाने तिला कचेरीत बोलावून समजावलं. गाडी शेतीच्या ताफ्यात राहू दे, बाईमाणसाला कशाला ती कटकट, तुला लागेल तेव्हा ड्रायव्हर नेऊन आणेल.

"बीट उपटताना हा ड्रायव्हर कुठे होता?" एजेने विचारलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

तिचा नवरा मामित मेंढपाळ. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला पाय लावून बघितला आणि म्हणाला, "गाडी तुझी, घोडा माझा. भांडण नको."

गाडी तीन महिने गोठ्यात नमद्याखाली, लोकरीच्या जाड चटईखाली, झाकलेली राहिली. गावातले पुरुष जाता येता टोमणे मारायचे, गाय किती दूध देते म्हणून विचारायचे. शेवटी एजे हाइनरिख पेनरकडे गेली. पेनर म्हणजे युद्धात आमच्याकडे हद्दपार करून पाठवलेल्या जर्मनांपैकी एक, शेतीच्या कार्यशाळेतला मिस्त्री. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. त्याने एकच अट घातली. आधी इंजिन स्वतःच्या हाताने खोलायचं आणि पुन्हा जुळवायचं, मगच स्टिअरिंगला हात लावायचा. तो अख्खा हिवाळा एजे बीटच्या मोसमात फुटलेल्या बोटांनी व्हॉल्व्ह घासत बसली. इंजिन दोनदा जुळवलं, दोन्ही वेळा एक नट उरला. तिसऱ्यांदा काही उरलं नाही.

वसंतात तिला परवाना मिळाला. पहिली फेरी कुठे मारायची, असं तिने गुरूला विचारलं. तिला वाटलं होतं, म्हणेल बाजारात चल. पेनरने खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथे त्याच्या आईला पुरलं होतं. ती गेली त्या वर्षी हद्दपारांना परवान्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायची बंदी होती, आणि त्याला परवाना मिळाला नव्हता. बंदी उठूनही सहा वर्षं झाली होती, पण एकट्याने जायचा धीर त्याला होत नव्हता.

एजे त्याला घेऊन गेली. कबरीजवळ तो किती वेळ उभा होता, हे ती कधी कुणाला सांगायची नाही. एवढंच म्हणायची, की येताना त्याने गाडीतला रेडिओ लावला. तो रेडिओ तापायलाच दोन मिनिटं घ्यायचा, मग कुठूनतरी लांबून गाणं जवळ येत गेल्यासारखा वाजायला लागायचा. दोघं ते ऐकत घरी आले.

त्याच उन्हाळ्यात गावच्या वळूने शिंग मारून बॉनेटवरचं हरीण मोडलं. पेनरने ट्रॅक्टरचा फुटका पिस्टन वितळवून नवं ओतलं. झेप तशीच आली, पण पोट जरा जाड झालं. गावाने त्याचं नाव गाभण हरीण ठेवलं. एजेला ते नाव आवडलं असावं, कारण पुढे गाडीचं कामच ते झालं. पोट दुखायला लागलं की बाया आधी तिच्या दारात यायच्या. शेतीची जीप सापडायची नाही, पण व्होल्गा असायची. खड्डे, ओढे, चिखल, काही असो. ती गाडी उंच होती आणि जहाजासारखी डुलत जायची, आतल्या माणसाला धक्का जाणवायचा नाही. बहुतेक बायका वेळेत पोचल्या. मी आणि आणखी एक मूल, असे दोघंच तेवढे वाटेत जन्मलो.

नव्वद साली पेनरचं कुटुंब जर्मनीला निघालं. पेनरला विमानतळावर एजेनेच सोडलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, कार्यशाळेत पेनरच्या हाताखाली शिकणारा, मागच्या सीटवर सामान धरून बसलो होतो. गावाबाहेर तिने गाडी थांबवली, उतरून पलीकडे गेली आणि त्याचं दार उघडलं.

"सरक. तू चालव."

"माझ्याकडे परवाना नाही," पेनर म्हणाला.

"पोलिसांना सांग, मास्तर आहे."

गाडीचा एकेक खिळा त्याला ठाऊक होता, पण रस्त्यावर त्याने ती कधीच चालवली नव्हती. इतक्या हळू चालवली की विमान चुकता चुकता राहिलं. जाताना हत्यारांची पेटी तो माझ्या हवाली करून गेला. त्यानंतर सुटे भाग मिळेनासे झाले. गिअरचे बुश मी लेथवर कातले, ब्रेकच्या नळ्या ट्रकच्या बसवल्या. एजे शेजारी स्टुलावर बसून चुका काढायची.

दोन हजार नऊमध्ये राजधानीत जुन्या गाड्यांचा मेळा भरला. मी तिला आग्रहाने नेलं. तिथे आरशासारख्या चमकणाऱ्या व्होल्गा ओळीने उभ्या होत्या. पांढरे हातमोजे घातलेला परीक्षक तरुण आमच्या गाडीभोवती फिरला, वही काढली आणि नम्रपणे म्हणाला, "आजी, हरीण कारखान्यातलं नाही. रंग मूळचा नाही. ब्रेकसुद्धा."

"दात माझेही मूळचे नाहीत, बाळा. पण चावतात."

तो हसला. किती चालली आहे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, की किलोमीटरचे आकडे चार वेळा पुन्हा शून्यावर आलेत. तेव्हा त्याने वही मिटली, एक हातमोजा काढला आणि उघडा तळहात बॉनेटवर ठेवून थोडा वेळ उभा राहिला. बक्षीस काही मिळालं नाही. परतीच्या वाटेवर मान्ती, आमचे खिमा भरलेले वाफवलेले मोदक, खाताना एजे म्हणाली, "त्या गाड्या बघितल्यास? बिचाऱ्या. कुणी बसतच नाही त्यांच्यात."

ऐंशी ओलांडल्यावर एकदा तिला रस्त्यातली मेंढी दिसली नाही. मेंढी वाचली. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली सून जिपाराच्या हातात ठेवली आणि पुन्हा मागितली नाही. जिपारा दवाखान्यात नर्स आहे. मुलगा रुसला, तर एजे त्याला म्हणाली, तुला घोडा आहे ना बापाचा.

पंधरा सालच्या शरदात ती गेली. आजारपण तीन दिवसांचं. मयतीला आसपासच्या चार गावांतून माणसं आली. त्यांत कितीतरी अशी होती, ज्यांच्या आया त्या गाडीतून रुग्णालयात गेल्या होत्या.

व्होल्गा सध्या माझ्याच कार्यशाळेत आहे, मागच्या स्प्रिंगची पात तुटली आहे. जिपाराने काल तिसऱ्यांदा निरोप पाठवला: शनिवारी नवरी आणायची आहे, तोवर झालीच पाहिजे. होईल.