न्यूट्रलमधली मिरवणूक

"सहा इंच वर घ्या," महालिंग सर म्हणाले. "आणि टायर एवढे पाहिजेत." त्यांनी हात स्वतःच्या छातीपाशी धरून दाखवला.

त्यांची जीप माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं काढलेली, रंग खरवडलेला. सहा आठवडे खपून मी तिचं इंजिन नटनट सुटं केलं होतं आणि पुन्हा बांधलं होतं. आणि हे गृहस्थ तिच्याकडे ढुंकूनही न बघता मोबाइलवर दुसऱ्याच कुठल्या जीपचे फोटो मला दाखवत होते. त्या जीपला पुढे बारा दिवे होते. बारा! एवढ्या उजेडात माणसाला नेमकं काय सापडायचं असतं, कोण जाणे.

मी लातूरला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवून रिटायर झालो. आता घरीच जुन्या गाड्या बांधतो. वर्षाला एक, फार तर दोन. महालिंग सर क्लास चालवतात, स्वतः फिजिक्स शिकवतात. आमच्या शहरात क्लासवाल्यांचे बोर्ड केवढे असतात हे नव्यानं सांगायला नको. सरांच्या बोर्डावर ते कोट घालून, हाताची घडी करून उभे आहेत आणि मागे आगीच्या ज्वाळा. ज्वाळा कशाच्या, ते मी कधी विचारलं नाही.

जीप मुखेडच्या एका आडत्याच्या गोदामात पोत्यांमागे पडून होती. सरांनी ती घेतली ती एका कामासाठी. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांना उघड्या जीपमधून वाजतगाजत मिरवायचं, आणि त्याची रील काढायची.

हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तरी मी काम घेतलं, कारण इंजिन मूळचं होतं. जुनं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, कुणी हात न लावलेलं. अशा इंजिनासाठी मी कुणाचाही मूर्खपणा ऐकून घेतो. ही माझी खोड आहे.

इंजिनाचा ब्लॉक रिबोअरसाठी नांदेडला मुनीरकडे नेला. सिलेंडरची भोकं वर्षानुवर्षं झिजून अंड्यासारखी लांबट होतात. ती कापून पुन्हा गोल करायची, म्हणजे रिबोअर. मुनीर माझा जुना विद्यार्थी. आता त्याचीही दाढी पांढरी झाली आहे. त्याच्या मशीनवर केसाचाही फरक पडत नाही.

"सर," तो म्हणाला, "एवढी जान ओतून राहिले तुम्ही इंजिनात, अन् गाडी बनणार वरातीची घोडी."

"घोडी तर घोडी. पळंल तरी नीट."

चॅसीसला, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळी गाडी बसते त्याला, मागच्या स्प्रिंगपाशी तडा होता. आधीच्या कुण्या कलाकारानं त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता. मी तो तडा उघडा केला, वेल्डिंग केलं, वर पट्टी बसवली. ब्रेक पूर्ण नवे केले. आणि नेमके तेव्हा सर टायरची मापं घेऊन आले.

मी त्यांना जात्याची गोष्ट सांगितली. जात्याचा खुंटा जितका कडेला, तितकं जातं हलकं फिरतं. चाकाचंही तसंच. ब्रेक धरतो मधे, रस्ता फिरवतो कडेनं. चाक मोठं केलं की रस्त्याचा हात लांब होतो आणि ब्रेकचा तेवढाच राहतो. वर गाडी सहा इंच उचलली की ती वळणावर झुकणार. वर उभी पोरं.

"मिस्त्री, टॉर्क मला शिकवू नका," सर हसले. "दोन हजार पोरांना मी शिकवतो."

"म्हणूनच तर तुम्हाला लवकर समजंल असं वाटलं."

त्यांना समजलं नाही. गाडी कंपनीच्या मापाच्या टायरवर चालू करून मी त्यांच्या ताब्यात दिली. पहिल्याच सेल्फला इंजिनानं असा सूर धरला की मी उगीच पान्याला फडकं पुसत उभा राहिलो. सर म्हणाले, "आवाज कमी वाटतो." आणि घेऊन गेले.

निकालानंतर चौथ्या दिवशी सकाळी जीप परत दारात. सोबत सर आणि क्लासच्या गाडीचा ड्रायव्हर गणपत. जीपचा रंग पिवळा झाला होता, लिंबू लाजेल असा. टायर छातीपर्यंत नाही, पण बेंबीपर्यंत होते. दिवे मोजले. चौदा.

"इंजिन मिसिंग मारतंय, मधेच अडखळतंय," सर म्हणाले. "पटकन बघा. अकरा वाजता मिरवणूक आहे."

मी खाली वाकून बघितलं. दुसऱ्या कुठल्या गॅरेजनं स्प्रिंगखाली लोखंडी ठोकळे घालून बॉडी वर उचलली होती. बॉडी वर गेली, पण चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा रबरी पाइप तेवढाच राहिला. तो पतंगाच्या दोऱ्यासारखा ताणला होता आणि टोकाशी ओलसर होता. पेडल दाबलं. पहिल्यांदा निम्मं आत गेलं, दुसऱ्यांदा धरलं. हँडब्रेकचा दांडा शोधला. तो काढून तिथे स्पीकर बसवला होता.

"सर, ही गाडी आज रस्त्यावर नेऊ नका. पाइप गळून राहिला. लांब पाइप आज मिळणार न्हाई."

"अहो, मिरवणूक आहे, रेस नाही. माणसाच्या चालीनं जायचंय. पालक आलेत, बँड आलाय, व्हिडिओवाला आलाय."

"किती पोरं बसणार?"

"नऊ."

मी गणपतकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. पगार सर देतात.

भांडून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "ठीक. क्लासपर्यंत मी आणतो." दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांच्या मागे मागे, मी ती क्लासच्या गेटापर्यंत नेली. तिथे मांडव होता. फेटे बांधलेली पोरं होती. त्यात मुखेडकडची एक बारीकशी पोरगी, तिचे आई-वडील पहाटेच्या एसटीनं आले होते. बापानं पोरीच्या चपला स्वतःच्या हातात धरल्या होत्या, कारण तिला क्लासनं बूट दिले होते.

मी बॉनेट उघडलं. इंजिनावर डिस्ट्रिब्युटर नावाची डबी असते. तिच्यात सुपारीपेक्षा जरा मोठा एक तुकडा फिरतो, त्याला रोटर म्हणतात. चारही प्लगला आळीपाळीनं करंट वाटायचं काम त्याचं. तो नसला की इंजिन कितीही चांगलं असो, मेलेलं. मी रोटर काढून खिशात घातला आणि झाकण लावलं.

ही चोरी होती. आणि तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, हेही सांगतो.

अकरा वाजता गणपतनं सेल्फ मारला. इंजिन नुसतं गरगरलं. पुन्हा मारला. बँडवाले तोंडाला पिपाणी लावून थांबलेले. सरांचा चेहरा बोर्डावरच्या ज्वाळांच्या रंगाचा झाला.

"काय झालं मिस्त्री?"

"करंट न्हाई. पार्ट लागंल. आज जमणार न्हाई."

मला वाटलं, आता पोरं पायी निघतील. पण सर हुशार माणूस. ते ओरडले, "ढकला!"

आणि जीप ढकलत मिरवणूक निघाली. पोरं वर उभी. मागून केमिस्ट्री, बायोलॉजी, सर सोडून सगळी फॅकल्टी कोट काढून घाम गाळत होती. व्हिडिओवाला फक्त पुढून शूटिंग करत होता. मी फुटपाथवरून बरोबर चालत होतो आणि आतल्या आत हसत होतो. झाली ना माणसाची चाल?

चौकाच्या पुढे रस्ता नाल्यावरच्या पुलाकडे उतरतो. उतार म्हणजे नावापुरता. सायकलवाला पायडल मारायचं थांबतो, एवढाच. तिथे ढकलणाऱ्यांचे हात सुटले आणि जीप स्वतःहून निघाली.

गणपतनं ब्रेक दाबला. मला त्याचा पाय दिसला. गेला तो थेट तळाला. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. पुढे बँडवाले होते, पाठमोरे. ढोलाच्या आवाजात त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. त्यांच्या पुढे पालक, आणि त्यात मुखेडचा तो बाप, चपला हातात घेऊन.

तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. चालू इंजिन गिअरमध्ये असलं तर तेच गाडीला मागे ओढतं. मी इंजिन मारलं होतं, म्हणून ढकलायला गाडी न्यूट्रलमध्ये होती. म्हणजे धरणारं काहीच नव्हतं.

मी पळालो. या वयात किती पळणार! "गणपत, गिअर टाक! पहिला टाक! क्लच सोड!"

त्याला तिसऱ्या हाकेला ऐकू गेलं. खडखड करून गिअर पडला, त्यानं क्लच सोडला आणि मुनीरनं घट्ट बसवलेलं ते मेलेलं इंजिन चाकांना आडवं आलं. जीपनं एक जबर गचका खाल्ला आणि थांबली. शेवटच्या ढोलवाल्याच्या पाठीला बंपर लागला होता. तो रागानं वळला. त्याला वाटलं, कुणीतरी धक्का दिला.

पोरं एकमेकांवर आदळली. मुखेडच्या पोरीचा ओठ गजावर फुटला. नव्या बुटांवर रक्ताचे थेंब पडले. तिच्या आईनं तिला खाली ओढून घेतलं आणि पदर ओठाला लावला. बाकीच्या पालकांनीही आपापली पोरं उतरवली. बँड मात्र वाजतच होता.

सर धावत आले. मी खिशातून रोटर काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"हा मी काढला होता. सकाळी."

सर म्हणाले, "म्हणजे हे तुमच्यामुळे झालं!"

"हाव. माझ्यामुळे बी झालं. आता तो पाइप बघा, मग उरलेलं कुणामुळे झालं ते सांगा."

पाइप सुटून लोंबकळत होता. खालचा रस्ता ऑइलनं भिजला होता. सरांनी वाकून बघितलं, पण पाइप नाही. कोटाच्या बाहीला डाग पडला का, ते.

मुखेडचा बाप माझ्याजवळ आला. मला वाटलं, आभार मानेल. तो म्हणाला, "तुम्हाला सकाळीच ठावं होतं?"

"हाव."

"मग आमाला का न्हाई सांगितलं? आमी तिथंच उभं होतो की."

तो चपला तशाच हातात घेऊन पोरीकडे गेला.

जीप आता क्लासच्या गेटापाशी विटांवर उभी आहे. चौदाही दिवे लागतात. पोरं तिच्यापुढे सेल्फी काढतात. रीलमध्ये गाडी सुरेख चाललेली दिसते, ढकलणारे कापून टाकलेत. सरांनी माझ्याबद्दल शहरभर सांगितलं की मिस्त्री पार्ट चोरतो. खोटं नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

नव्या गिऱ्हाइकाला मी आता आधी एकच गोष्ट विचारतो, गाडीत कोण बसणार? आणि गाडी बिघडलेली असली, तर ते बसणाऱ्यालाच तोंडावर सांगतो. मालकाला सांगून काही होत नाही. मालक बाहेर उभा असतो.