लॉक माझ्या हातून तुटलं

टिक असा आवाज आला आणि मला लगेच कळलं, तुटलं. कनेक्टरचं काळं लॉक अर्धं माझ्या चिमट्याला आणि अर्धं बोर्डावर. सोबत तांब्याचे दोन ठिपकेही उखडून आले होते.

लॅपटॉप दरंदले सरांचा. ते आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवतात. चार्जरची पिन ढिली झाली म्हणून त्यांनी तो शेवगावात माझ्या दुकानात आणला होता. पिन बदलायची तर आधी बोर्ड बाहेर काढावा लागतो. त्यासाठी कीबोर्डची रिबन सोडवावी लागते. रिबन म्हणजे कागदासारखी पातळ, चपटी वायर. ती ज्या खाचेत बसते तो कनेक्टर. रिबन निसटू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकचं एक लॉक असतं, काडेपेटीच्या काडीहून बारीक. काही लॉक रिबनच्या बाजूनं उघडतात, काही मागच्या बाजूनं. कुठलं ते भिंगातून बघायचं असतं. मी बघितलं नाही. चष्मा कपाळावर होता. मी डोळे मिटून बोर्ड खोलते, असं गिऱ्हाइकांना सांगायची मला सवय होती. हे मागून उघडणारं निघालं. मी पुढून उचकटलं.

मी चौथी शिकलेली बाई. नगरच्या एमआयडीसीत टीव्हीच्या बोर्डांवर सोल्डरिंग करून हात बसला. कारखाना बंद पडला तेव्हा इथं दुकान टाकलं. बारीक जोडकाम तालुक्यात माझ्याएवढं कुणी करत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत होते.

तेवढ्यात सर आत आले. झालं का म्हणून विचारलं. मी मान वर केली नाही. आमच्या धंद्यात काही मोडलं की पहिला प्रश्न तयार असतो. तोच बाहेर पडला.

"याच्याआधी कुनी खोललं हुतं?"

"सलीमनं. दोन महिन्यांपूर्वी कीबोर्ड बदलला त्यानं. का?"

"कनेक्टर तोडून ठेवलाय."

एवढंच बोलले. सलीमचं नाव मी घेतलं नाही, असं नंतर स्वतःला सांगून बघितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

सलीमचं दुकान बाजारतळाजवळ. चाळिशीचा माणूस, घरी चार खाणारी तोंडं. कामात चोख. जोडकाम फार बारीक असलं की तो बोर्ड माझ्याकडे आणायचा. दरंदले सरांच्या शाळेतले सगळे कॉम्प्युटर त्याच्याकडे होते. त्यावर त्याचं घर चालायचं. हे मला माहीत होतं.

सर तिथंच उभं राहून त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. मी सोल्डरिंग गनचं टोक पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं.

मग मी काम नीट केलं. जुन्या मेलेल्या बोर्डांच्या डब्यातून तसाच कनेक्टर शोधला. आजूबाजूच्या भागांना न जळणारी पिवळी टेप लावली, गरम हवेनं मोडका काढला, नवा बसवला. उखडलेल्या दोन ठिपक्यांच्या जागी केसाएवढी तार ओढली. मीटर लावून एकेक पिन तपासली. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड सुरू. पिनही बदलली. न्यायला आले तेव्हा दुकानात आणखी दोघं होते. सर त्यांना म्हणाले, "त्या सलीमनं घाण करून ठेवली होती, आक्कांनी निस्तरली." मी लॅपटॉप पिशवीत घालून दिला.

शुक्रवारी मोबाईलवर सलीमचा फोटो आला. त्याच लॅपटॉपचा बोर्ड. रिबन बसलेली, काळं लॉक अख्खं. खाली एक अक्षर नाही. मी तो मोठा करून बघितला. या वेळी चष्मा लावून. मग फोन केला.

"कधीचा हाय?"

"कीबोर्ड बसवला त्या दिवसाचा. बंद करायच्या आधी मी प्रत्येक बोर्डाचा काढतो."

"सरांना दावला?"

"न्हाई. आधी तुमाला दावला. शाळेनं माझं काम थांबवलंय, सोमवारी दुसऱ्याला बोलावलंय. तवर थांबतो."

"आन मी न्हाई गेले तर?"

"मग मी जातो. तुमी म्हाताऱ्या हाय म्हनून मी घरी बसनार न्हाई, मावशी."

बरोबर बोलला.

शनिवारी सकाळच्या शाळेला मी गेले. फोटो आला नसता तर गेले असते का? नसते. फोटो आला तो तिसरा दिवस होता, पाय तोवर निघाला नव्हता. दुसऱ्याच्या पोटावर पाय ठेवून मी दोन रात्री व्यवस्थित झोपलेही होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत सरांनाही बोलावून घेतलं. लॉक मी तोडलं, सलीमनं नाही, असं सांगितलं. सर म्हणाले, "आक्का, मी समोरच उभा होतो. तेव्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

"काय न्हाई केलं असतं," मी म्हटलं. "म्हातारीला आता दिसत न्हाई म्हनला असता फक्त."

"मग?"

"तेच नको हुतं मला."

त्यावर ते उठून वर्गावर गेले.

मला वाटलं सुटले. पण मुख्याध्यापिका बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. म्हणाल्या, सलीमचं काम सरांच्या लेखी तक्रारीवर थांबवलंय, ते नुसतं तोंडी सांगून सुरू करता येत नाही. मी लिहीत बसले. माझं अक्षर मोठं, हात हळू. काय तुटलं, कसं तुटलं, कुणाला काय सांगितलं आणि ते कसं खोटं होतं. मधली सुट्टी झाली तरी मी लिहीतच होते. पाणी प्यायला आलेली पोरं दारातून बघून जात होती. पान भरलं. खाली सही केली.

सलीमचं काम सोमवारी सुरू झालं. सर माझ्याकडे परत आले नाहीत. ते पान शाळेच्या फायलीत आहे. इतकी वर्षं मी बोर्ड जोडले, त्यातल्या एकाचीही नोंद कुठं नाही. माझ्या कामाबद्दल कागदावर आहे ते एवढंच.

आपल्या हातून मोडलं तर समोर माणूस उभा असतानाच सांगावं. तेव्हा तीन शब्दांत भागतं.