रिकाम्या वाफ्यातली खुर्ची

बदलीची ऑर्डर श्रावणात आली आणि मी सांगून टाकलं, "तुम्ही व्हा पुढे. फूल बघितल्याशिवाय मी येणार नाही."

आमचे हे हसले. ह्यांना वाटलं, गंमत चाललीय. सरकारी नोकरीपायी पंचवीस वर्षं आठ गावं फिरल्यावर एकदाची पुण्याची ऑर्डर हातात पडली होती. सासर पुण्यात, माहेर पुण्यात, मुलगी नोकरीला पुण्यात. आणि बायको म्हणतेय, कोलकात्यात, डमडमच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये एकटी थांबते.

"त्या कांद्यासाठी?"

"कांदा म्हणू नका."

हे भांडण आमच्या पहिल्या पोस्टिंगइतकं जुनं आहे. शिलाँग सोडताना शेजारच्या खासी म्हातारबाईंनी माझ्या हातात तीन कंद ठेवले होते. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. त्यांनी आभाळाकडे बोट करून पाऊस गेल्याची खूण केली, मग मूठ जमिनीला टेकवून हात झपकन वर उचलला आणि बोटं पसरली. आपल्या अंगावरच्या चौकडीच्या कापडाला हात लावून रंगही दाखवला. कापडात लाल होता, पिवळाही होता. मी लाल धरला. शरदात येणारं लाल फूल, असं मी पुढची बावीस वर्षं ज्याला त्याला सांगत राहिले.

फूल मात्र आलं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं. ट्रक लागला की मी खुरपं घेऊन बसायची, कंद उकरायची, गोणपाटात बांधायची. नव्या गावात लावायची. हिवाळ्यात लांब हिरवी पाती यायची, चैत्रात पिवळी पडून नाहीशी व्हायची, आणि पावसाळाभर वाफा बोडका. पुढची बदली आली की पुन्हा गोणपाट. तिनाचे अकरा झाले. पिल्लं घालायला काही अडचण नव्हती, फुलायचंच तेवढं जिवावर यायचं.

जो येईल तो ओळख पटवून जायचा. नागपूरच्या शेजारणीने पाती बघून निशिगंध ठरवलं. विशाखापट्टणमच्या माळ्याने रानटी लसूण. आमच्या ह्यांचा कांदा तर ठरलेलाच, पाहुण्यांसमोरसुद्धा. कोलकात्याला आलो तेव्हा माझं डोकं इतकं सटकलं की गोणपाटातला एक कंद पर्समध्ये टाकून मी थेट सियालदहचा घाऊक बाजार गाठला आणि कांद्याच्या ढिगावर बसलेल्या व्यापाऱ्याच्या हातात दिला. त्या भल्या माणसाने वरचं साल काढलं, हुंगलं, नखाने टोचून पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, हा कांदा नाही. काय आहे ते ठाऊक नाही, पण खाऊ नका." घरी येऊन मी ह्यांना शब्दन् शब्द ऐकवला. त्या दिवशी मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

तर हा कोलकात्यातला तिसरा शरद. नियमाप्रमाणे बदलीनंतर दोन महिने क्वार्टर ठेवता येतं, आणि तो नियम मला तोंडपाठ होता. एवढ्या मुदतीत फुललं तर फुललं. नाही तर पुन्हा खुरपं, पुन्हा गोणपाट, पुन्हा तीन वर्षं. मी पन्नाशी ओलांडलेली. किती वेळा तीन वर्षं मोजायची?

हे गेले. भाद्रपद लागला. कोलकात्याचा भाद्रपद म्हणजे घामाची आंघोळ. पुण्यात गौरी आल्या आणि जाऊबाईंचा फोन आला. "इतक्या वर्षांनी गावात घर झालंय, आणि घरची सून कांद्यापाशी बसलीय. लोकांना काय सांगू मी?"

"कांद्यापाशी बसलीय असं सांगा," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र रडले. गौरींसमोर बसायला मलाही आवडलं असतं. पण ताट वाढून एकटीच जेवले आणि वाफ्याकडे चक्कर मारून आले. वाफा बोडकाच होता.

ह्यांनी रात्रीच्या फोनवर समजुतीचा सूर लावला. "अगं, तुझं मला कळतं. तूही त्या कंदासारखीच. दर तीन वर्षांनी उपटलं तुला."

"मी कंद नाही," मी म्हटलं. "मला कोणी गोणपाटात घालून नेलं नाही. स्वतःच्या पायांनी आले सगळीकडे. आता स्वतःच्या पायांनी थांबलेय."

त्यानंतर ते महिनाभर कांदा हा शब्द बोलले नाहीत.

भाद्रपद सरता सरता कॉलनीच्या मैदानात दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू येऊन पडले. माझा वाफा मैदानाच्या कडेलाच. एका सकाळी माणसांचा आवाज आला म्हणून मागच्या दारी गेले, तर मंडपाच्या कमानीसाठी वाफ्यात खड्ड्याची खूण केलेली आणि पहार मारायला माणूस तयार. पूजा समितीचे दादा, वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, हातात कागद घेऊन उभे.

मी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, त्या खुणेवर ठेवली आणि बसले.

"बौदी, ही तर मोकळी जागा आहे," दादा म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी.

"मोकळी नाही. इथे माझं फूल आहे." माझी बंगाली हिंदीच्या कुबड्या घेऊन चालते, पण त्या दिवशी ती धावली.

"कुठे आहे?"

"जमिनीत."

पहारवाला खो खो हसला. दादांनी कपाळावर हात मारला. डोक्यावरून एक विमान धडधडत गेलं. मग दादा म्हणाले, वर्षानुवर्षं कमान इथेच लागते. मी म्हटलं, लागत असेल. ते म्हणाले, देवीचं काम आहे. मी म्हटलं, माझंही तिचंच काम आहे, फूल आलं की पहिलं तिलाच देईन, पण खड्डा मारायचा तर खुर्चीसकट मला उचला. त्यांची काय बिशाद होती! संध्याकाळपर्यंत मी तिथेच पेपर वाचला, भाजी निवडली, चहा प्याले. चार दिवस हेच. पोरंटोरं मला बघायला यायची. कमान अखेर दोन हात सरकली.

पाचव्या दिवशी सकाळी खुर्ची ठेवायला गेले तर ठेवायला जागा नव्हती.

मातीतून एक दांडा वर आला होता. पान नाही, पाती नाही, नुसता दांडा, करंगळीएवढा जाड, टोकाला मिटलेली चोच. म्हातारबाईंचा तो झपकन वर गेलेला हात मला तेव्हा कळला. बावीस वर्षं मी पात्यांच्या मधून कळी येईल म्हणून वाट बघत होते! तीन दिवसांत आठ दांडे झाले आणि चौथ्या दिवशी बोटं पसरली. पिवळी. हळदीच्या रंगाची, कुरळ्या पाकळ्यांची, लांब केसर बाहेर काढलेली. लाल नव्हतीच कधी. माझं चुकलं होतं, आणि तरी मी तिथे मातीत बसून मोठ्याने हसत होते. दादा वरून धावत आले. एक दांडा मी त्यांच्या हातात दिला, कबूल केल्याप्रमाणे. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

मुलीला फोटो पाठवला तर तिने नाव शोधून पाठवलं: लायकोरिस. पानं एका ऋतूत, फूल दुसऱ्या, दोघांची गाठ पडत नाही. उन्हाळ्यात कंदाला कोरडी झोप लागते. मी दर उन्हाळ्यात त्याला मायेने पाणी पाजत होते. या वर्षी कॉलनीचा पंप बिघडला म्हणून तेवढं राहिलं. आणि शेवटची ओळ: जागेवरून हलवलं की रुसतो, दोन-तीन वर्षं फुलत नाही. ती ओळ मी चारदा वाचली. मातीला दोष दिला होता, पाण्याला, गावांना, ह्यांच्या खात्याला तर रोजच. बदल्या त्यांच्या होत्या. पण खुरपं दर वेळी माझ्या हातात होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सामान बांधायला हे आले. फुलं सुकली होती, मातीतून नवी पाती डोकं काढत होती. ह्यांनी न सांगता गोणपाट आणलं होतं, खुरपं घेऊन वाफ्याशी उकिडवेही बसले.

"उठा," मी म्हटलं. "राहू देत इथेच."

"अगं, बावीस वर्षं..."

"उठा म्हणते ना."

तेवढ्यात क्वार्टर बघायला नवी मुलगी आली. ओडिशाची, लग्नाला वर्षही झालं नसेल. वाफ्याकडे बघून तिने विचारलं, यांचं काय करायचं?

"काही नाही. उन्हाळ्यात पाणी घालू नकोस. पाती गेली तर घाबरू नकोस. आणि जाताना उपटू नकोस."

"पण आंटी, आमचीही तीन वर्षांनी बदली होणार."

"म्हणून तर सांगतेय," मी म्हटलं, आणि ह्यांच्या हातातलं खुरपं घेऊन तेवढं माझ्या सामानात टाकलं.