हळदीच्या दिवशी ग्रामसभा

आमच्या संस्थेत महिन्याच्या शेवटी फील्ड रिपोर्ट लिहावा लागतो. माझा कधीच अर्ध्या पानाच्या वर गेला नाही. रिपोर्टात बसत नाही ते मात्र साठत जातं, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणतंच, "ते पावडरच्या डब्याचं सांग ना." ते सांगायचं तर सुरुवातीपासूनच सांगावं लागतं.

*

इंटरव्ह्यू डहाणू रोडला, ऑफिसच्या गॅलरीत झाला. जिल्हा तेव्हा ठाण्यातून नुकताच वेगळा झाला होता, आमच्या पाटीवर अजून ठाणेच. संस्था चालवणाऱ्या भाऊंनी विचारलं, "कशाची भीती वाटते का?"

मी म्हटलं, खरं बोलावं. पाली, घाटातली जीप, साहेब लोक, मुलीचा ताप, मुलीला ताप नसताना येईल की काय याची धास्ती. पाच मिनिटं बोलत होते.

भाऊ म्हणाले, "मी कुत्र्यांचं विचारत होतो. पाड्यावर असतात."

तरी घेतलं. तीन महिने बघू म्हणाले. उधव्याकडच्या एका पाड्याला अंगणवाडी नव्हती, पोरं ओहोळ ओलांडून दुसऱ्या पाड्यावर जायची. ग्रामसभेचा ठराव करून तो तालुक्याच्या ऑफिसात द्यायचा. "कॉपीवर आवकचा शिक्का दाखव, नोकरी पक्की."

*

पाड्यावर पहिल्या दिवशी मी चार्ट लावून हक्कांवर बोलले. रात्री आरशासमोर पाठ केलेलं सगळं. बायका शांत बसून ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "तुजी पोर कुठं ठेवलीस?"

"शेजारच्या मावशींकडे."

"मंग तुला हाय अंगणवाडी. आमचं बोल."

चार्ट मी परत कधी नेला नाही.

*

या शेजारच्या मावशी सकाळी मासळी विकून आल्या की माझ्या दोन वर्षांच्या ओवीला सांभाळायच्या. मी दर तासाला फोन करायचे. एकदा उधव्याच्या स्टँडवर रेंज मिळाली म्हणून लावला.

"मावशी, झोपली का?"

"झोपली होती. तुझा फोन वाजला, आता उठली. घे, बोल तिच्याशी."

ओवी फोनवर फक्त श्वास घेते. मी तो दोन मिनिटं ऐकला आणि जीप चुकली.

*

पहिली ग्रामसभा फसली. पुरुष गुजरातेत बोटींवर, तरणी पोरं कंपन्यांत. सभेला आल्या सात बायका आणि एक बोकड. तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी रजिस्टर बंद करून माझ्याकडे सरकवलं. "कोरम नाही मॅडम. परत घ्या."

माझ्याबरोबर फील्डवर जनीताई असते. ती त्याच भागातली, पंधरा वर्षं संस्थेत. जीपमध्ये मी तिला म्हटलं, "मला नाही जमणार हे."

"नको जमू दे. पुढची तारीख सांग."

मी कॅलेंडर काढलं. ओवीच्या लसीचा दिवस टाळला, मावशींचा उपासाचा दिवस टाळला आणि उरलेल्यातली एक तारीख दिली. ती माझ्या तीन महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात पडली. जनीताई रजेवर गेली, नोटीस मीच लावून आले.

*

त्या दिवशी रजेवरून परतलेली जनीताई आणि मी ओहोळापाशी जीपमधून उतरलो तर बँडचा आवाज. पाड्यात मांडव. हळद होती.

नोटीस लावली तेव्हा कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

"आधी सांगायचं ना मला," मी नवरदेवाच्या आत्याला म्हटलं. तिच्या हातात हळदीची वाटी होती.

"आता काय सांगायचं? सगळी घरी येणार म्हणून तर तू आजचा दिवस धरलास."

मी मांडवात बघितलं. बोटींवरचे आलेले, कंपनीतले आलेले. पाड्यावर सहसा न दिसणारे ग्रामसेवकही पंगतीत बसले होते. जनीताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बँड थांबवला. ठराव वाचला. पहिला हात त्या म्हातारीचा वर गेला, मग सगळ्यांचे. सही येणाऱ्यांनी सह्या केल्या. बाकीच्यांसाठी मी बॅगेतून शाईचं पॅड काढलं. निघताना तीनदा तपासलेल्या बॅगेतून निघाला ओवीच्या पावडरचा डबा.

सगळे बघत होते. आत्यानं वाटी पुढे केली. "अंगठाच पाहिजे ना? बुडवा रे."

*

दुसऱ्या दिवशी जनीताई आणि मी साहेबांसमोर उभ्या. माझ्या तीन महिन्यांतले चारच दिवस उरले होते, शिक्का आजच मिळायला हवा होता. साहेबांनी रजिस्टर उघडलं. ओळीनं पिवळे अंगठे. त्यांनी पान नाकाशी नेलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ग्रामसेवकांची सही आहे?"

"हाय," जनीताई म्हणाली. "तीही थोडी पिवळी हाय."

साहेबांनी पान पुन्हा न्याहाळलं. "यातला नवरदेव कुठला?"

"तो काय, सगळ्यात गडद."

साहेबांनी शिक्का उचलला, पॅडवर दाबला आणि आमच्या कॉपीवर मारला. काहीच उमटलं नाही. पॅड वाळलेलं. परत मारला. नाही.

जनीताई पुढे वाकली. "साहेब, हळद आणू?"

साहेबांनी शिक्का तोंडापाशी धरून त्यावर दोनदा वाफ सोडली आणि उभं राहून, दोन्ही हातांनी दाबला. अर्धाच गोल उठला, पण तारीख वाचता येत होती.

भाऊंना तेवढी पुरली.