कंसातलं विज्ञान

आमच्या वसईच्या शाळेत विज्ञान शिकवत नाहीत, कंस करायला लावतात. धडा उघडायचा, की सर सांगणार, "वरून चौथी ओळ ते सातवी, कंस करा. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर." मुलं पेन्सिल फिरवतात आणि तेवढंच पाठ करतात. बाकीचं पुस्तक छापलंय कशाला, देव जाणे.

मी आठवीला विज्ञान शिकवते. नववीची मुलं घडाघडा वाचतात, पण डोक्यात काही शिरत नाही, म्हणून भांडून त्या वर्गावर आठवड्याचा एक वाचनाचा तास मिळवला. धडा स्वतः वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचा. मोठ्या बाईंनी नाक मुरडत परवानगी दिली, वर बजावलं, "चाचणीत मार्क वाढले तरच तास राहील."

वर्ग माझ्याकडे खुळ्यासारखा बघायचा. जवळच्या उमेळे गावची एक मुलगी मात्र पेटली. तिच्या घरी शेती, वाडीत विहीर. गंजण्याचा धडा वाचून ती म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीतला पाईप तळाशी बरा आहे, पन पानी जिथे वर-खाली होतं ना, तिथेच खाल्लाय. तिथे हवा पन लागते." एव्हरशाईन वसाहतीतल्या घरी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

चाचणीत प्रश्न आला, लोखंड का गंजते? पेपर नववीला विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी तपासले. त्या प्रश्नाला अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी, फक्त या मुलीला भोपळा. मी गठ्ठा मागून घेतला, चाळला आणि कपाळावर हात मारला. बाकी सगळ्यांचं उत्तर एकच: परीक्षानळीला बूच लावा व ती काही दिवस तशीच ठेवा.

झालं होतं असं, की मुलांकडे नव्या आवृत्तीचं पुस्तक होतं आणि सर ओळी सांगत होते आपल्या जुन्यातल्या. कंस भलतीकडेच पडला आणि वर्गाने बूच पाठ केलं. गंजायला बूच कशाला लागतं, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. सरांनाही नाही. उत्तरं एकसारखी, अक्षर सुवाच्य, मग द्या मार्क. विहिरीचा पाईप काही कंसात नव्हता.

मी तणतणत मोठ्या बाईंकडे गेले, सरांसमोरच ते बुचाचं उत्तर वाचून दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, "ही छापणाऱ्यांची चूक."

मोठ्या बाई म्हणाल्या, "पालक खूश आहेत, कशाला उकरून काढता? आणि मार्क गेले ते तुमच्या वाचणाऱ्या मुलीचेच ना?"

माझा तास त्यांनी सरांना दिला, उरलेले कंस पुरे करायला.

मला चीड आली, पण खरा घाव दुसऱ्या दिवशी बसला. ती मुलगी मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पुढचा धडा उघडून म्हणाली, "बाई, कुठून कुठपर्यंत, तेवढं सांगा."

पेन्सिलीला तिने छान टोक काढून आणलं होतं.